न मोजता लिहिलेले आकडे

सासूच्या दंडाला हातही न लावता सुनेनं सासूचं ब्लडप्रेशर लिहून टाकलं, याला काय म्हणावं? एकशे वीस, ऐंशी. लिहिलं, सही ठोकली आणि निघाली पुढच्या खाटेकडे.

"अगं ए, माझा दंड इकडे आहे," सासू म्हणाली.

"आई, तुम्ही ठणठणीत आहात. सकाळीही एवढंच होतं."

"सकाळी तुझं तोंड कुठं पाहिलं होतं मी?"

एरवी सून हसली असती. आज तिनं नुसती पेनाची टोपी दातांत धरली आणि शेजारच्या खाटेचा चार्ट ओढला. तिथंही तेच. मनगट धरलं नाही, पट्टा गुंडाळला नाही. एकशे वीस, ऐंशी. नाडी बहात्तर, लिहिता लिहिता ती पुटपुटली.

घरात, गल्लीत आणि आता या बायकांच्या वॉर्डातही सासूला सगळे थोरलीच म्हणत. न्हाणीघरात घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि नऊ दिवस ती खाटेवर उताणी होती. उठायची सोय नाही, कुशीवर वळायची नाही. तोंड तेवढं शाबूत. शाळेत ती दुसरीपर्यंत गेली. अक्षरांशी तिचं कधी पटलं नाही, पण आकड्यांची कुणी तिच्याशी लबाडी केलेली खपत नसे. सुनेचा तिला भारी अभिमान होता, आणि तो ती सुनेला सोडून सगळ्यांना सांगायची.

वॉर्डात खाटा चाळीस. दिवसपाळीला सिस्टर असायला हव्यात तीन. एक चांगल्या पगारावर परदेशी गेली, दुसरी कंबर धरून घरी बसली ती परत फिरकलीच नाही. वर्ष झालं, दोन्ही जागा रिकाम्या. उरली ही एकटी. तीही कंत्राटावर, तिला कायम करायचं की नाही, ते या महिन्याच्या शेवटी ठरायचं होतं. सुट्टी नाही, जेवण उभ्याउभ्या, आणि घरी आली की पाय उशीवर टाकून भिंतीकडे बघत बसायची. थोरलीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तिनं तेव्हा जीभ आवरली. आपलाच दंड आहे, राहू दे, म्हणाली मनाशी.

शेजारच्या खाटेवर शिवणवाली होती. काल तिच्या पोटाचं ऑपरेशन झालेलं. सकाळी उठल्यापासून तिनं थोरलीच्या पोलक्याची बाही कुणीतरी किती वाकडी बसवलीय यावर प्रवचन झोडलं होतं. आता अर्धा तास ती गप्प होती.

"काय गं, संपली का माझी बाही?"

"पाणी," शिवणवाली म्हणाली. मग पुन्हा, "पाणी."

थोरलीनं मान वळवून नीट पाहिलं. ओठ पिठासारखे. कपाळावर घामाचे थेंब, आणि वर पंखा तर गरगरत होता. बाई हात सारखा चादरीवर फिरवत होती, जशी काही सुई हरवलीय. थोरलीनं खाटेच्या कडेपर्यंत हात ताणला, खुब्यातून कळ गेली तरी ताणला, आणि तिचं मनगट धरलं. ओल्या फडक्यासारखं गार. आत नाडी नुसती धावत होती, बारीक, घाबरलेली.

ही बहात्तर? हिला कोण म्हणेल बहात्तर?

"सिस्टर! ए सिस्टर!"

सून वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला होती. तिथं एका म्हातारीचा श्वास सकाळपासून दुसऱ्यांदा अडकला होता, आणि सून एका हातानं तिचा ऑक्सिजनचा मास्क धरून दुसऱ्या हातानं नळी सोडवत होती. तिनं वळून पाहिलं, पण हात सोडवेना.

आरडाओरडा ऐकून डॉक्टरबाई आल्या. तीन वॉर्ड त्यांच्या एकटीच्या गळ्यात. डोळे तारवटलेले. त्यांनी आधी शिवणवालीकडे नाही, तिच्या चार्टकडे पाहिलं.

"अकराला सगळं नॉर्मल आहे, आजी. दुखणं थांबवायचं औषध दिलंय, त्याची सुस्ती असेल."

"सुस्ती नाही ती. हात लावून बघा."

"बघते हं, खालच्या वॉर्डातून येते आणि बघते. तिकडे एक जण फार सिरियस आहे."

त्या वळल्याही. कागद नॉर्मल म्हणतोय, आणि कागदावर सुनेची सही. कागद खोटा म्हटलं की सून खोटी. महिन्याचा शेवट, कायमची नोकरी, घरातल्या दोन लेकरांच्या शाळा, सगळं तिच्या जिभेवर येऊन बसलं. चाळीस खाटांवरच्या बायका कान टवकारून होत्या. आणि मुठीतलं ते मनगट आणखी गार पडत होतं.

"बाई, थांबा!" थोरली ओरडली. असा आवाज तिनं आयुष्यात काढला नव्हता. "तो कागद खोटा आहे! अकराला हिला कुणी हात लावलेला नाही. माझ्या डोळ्यांदेखत लिहिलंय, न मोजता. माझ्याच सुनेनं!"

डॉक्टरबाईंनी झटक्यात पट्टा काढला, शिवणवालीच्या दंडाला गुंडाळला, फुगवला. पुन्हा फुगवला.

"वरचा आकडा सत्तर," त्या पुटपुटल्या, आणि मग त्याही ओरडायला लागल्या. स्ट्रेचर, रक्त, ऑपरेशन थिएटर. तोवर तिकडच्या म्हातारीचा श्वास सुरळीत झाला होता. सून धावत आली. सासूकडे न बघता तिनं स्ट्रेचरचं टोक धरलं आणि दारातून नाहीशी झाली.

चार तास थोरली रिकाम्या खाटेकडे बघत पडली होती. एरवी गप्पा मारणाऱ्या बायकांनी तिच्याकडे पाठ केली. सुनेलाच पकडून दिलं म्हणे म्हातारीनं.

चारच्या सुमाराला निरोप आला. आत टाका सुटला होता. पोटात रक्त साठलं होतं. बाई वाचली. अर्धा तास आणखी गेला असता तर डॉक्टरांच्या हातात काही नव्हतं.

मागोमाग सगळ्या सिस्टरांची प्रमुख, मेट्रन आली, आणि तिच्यामागे सून, चेहरा पांढराफटक. मेट्रननं कोरा कागद सुनेच्या हातात दिला. "संध्याकाळपर्यंत लेखी खुलासा दे. मी तुला वाचवू शकेन असं वाटत नाही." मग ती दारापाशी जाऊन वळली. "वर्षभर मी वर माणसं मागतेय. उत्तर काय येतं माहीत आहे? तुमच्या वॉर्डातली एकही नोंद चुकलेली नाही, सगळं वेळेवर होतंय, मग माणसं कशाला हवीत?"

ती गेली. सून खाटेच्या दांडीला धरून उभी राहिली.

"आई, एकच मशीन आहे. बारा खाटा झाल्या, तेवढ्यात त्या म्हातारीचा श्वास पहिल्यांदा अडकला, आणि तिला सावरेपर्यंत अकरा वाजले. मग बाकीच्यांचे मी रात्रपाळीचेच आकडे उतरवून काढले. रोजच उतरवते. आज पहिल्यांदा कुणाच्या जिवावर बेतलं." तिनं तो कोरा कागद पुढं केला. "काय लिहू आता? पाया पडून माफी मागू?"

थोरलीनं तिला हातानं जवळ बोलावलं, पण आवाज मुळीच खाली केला नाही. सगळ्या वॉर्डानं ऐकावं असाच बोलली.

"तू चुकलीस. मी ते चारचौघींत बोलले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. त्या कागदावर रडगाणं गायचं नाही. लिही, की खाटा चाळीस होत्या, मी एकटी होते, अठ्ठावीस जणींपर्यंत पोचलेच नाही, आणि पोचले असं खोटं लिहिलं. वर्षभर तू सगळं झालं म्हणून लिहीत राहिलीस, म्हणून तर वरच्यांना वाटतं, हिला एकटीला झेपतंय. तुझ्या मदतीला येणारी माणसं तूच दारात अडवून ठेवलीस, बये. आजपासून जिला हात लागला नाही, तिच्या कागदावर टिंबसुद्धा काढायचं नाही. नोकरी गेली तर घरी ये, भाकरी मी घालीन. पण खोटं लिहून टिकवलीस, तर मला आई म्हणू नकोस."