डबल बेसची दसरा-खरेदी

रुपालीचा डबल बेस वाघोलीच्या त्या सोसायटीत पहिल्यांदा लिफ्टने वर चढला तेव्हा सेक्रेटरींनी कौतुकाने विचारलं होतं, "नवा फ्रिज का?"

"हो," रुपाली म्हणाली, "पण दार उघडत नाही."

तेव्हापासून सेक्रेटरी लिफ्टमध्ये तिच्याशी बोलत नसत, आणि तिला त्याचं अजिबात दुःख नव्हतं. व्हायोलिनच्याच घाटाचं, पण माणसापेक्षा उंच आणि उभं राहून वाजवायचं असं एक वाद्य जगात असतं, एवढंही ज्यांना ठाऊक नाही त्यांच्याशी बोलायचं तरी काय, असं तिचं मत होतं. तिच्याकडे मतं भरपूर होती आणि ती मागायला कुणाला जावं लागत नसे. शुक्रवार पेठेत वाढलेली ही बाई खराडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा तिला पगार मिळायचा. घरी आल्यावर तेच काम ती फुकट करी.

घरी चुका काढायला हक्काची माणसं दोन. एक नवरा शंभू, मूळचा लातूरजवळच्या औशाकडचा, तोही सॉफ्टवेअरमधलाच, शांत. दुसरी त्याची आई सुशीलाबाई. त्या गणपतीनंतर आल्या होत्या आणि दिवाळीपर्यंत राहणार होत्या. त्यांच्यामुळे रुपालीचे रविवार मात्र बहरले होते. कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये दर रविवारी तिच्या हौशी वाद्यवृंदाची तालीम असे, आणि मधल्या चहाला सगळे तिच्याभोवती जमत. सासूबाईंनी वॉशिंग मशिनला उदबत्ती ओवाळली, मॉलमधल्या सरकत्या जिन्याला आधी नमस्कार केला आणि मग पाय ठेवला, असं रुपाली हुबेहूब आवाज काढून सांगायची. चेलो, म्हणजे डबल बेसचं धाकटं भावंड, वाजवणाऱ्या शेफालीला तर हसून ठसका लागायचा. "या आठवड्यात काय?" हे ती वाद्य बाहेर काढायच्या आधी विचारी.

एका रविवारी मात्र वाद्यवृंदाच्या पिंटो सरांनी रुपालीला बाजूला घेतलं. डिसेंबरच्या कार्यक्रमात एक रचना होती, तिची सुरुवात एकट्या डबल बेसने व्हायची होती. बाकी सगळे गप्प, फक्त ती.

"पण तुझ्या या खोक्यावर नाही," सर म्हणाले. "दुसऱ्या रांगेच्या पलीकडे काही ऐकू जाणार नाही. दसऱ्यानंतरच्या रविवारपर्यंत बरं वाद्य आण. नाहीतर ती सुरुवात शेफालीच्या चेलोला देतो."

खोका हा शब्द रुपालीला लागला, पण तो खराच होता. एका हॉटेलने आपला बँड बंद केला तेव्हा तिने त्यांच्याकडून उचललेलं ते शिकाऊ वाद्य सगळंच्या सगळं प्लायचं होतं, आणि तोंडावर पांघरूण घेऊन बोलावं तसं ते बोलायचं. इतकी वर्षं ती सगळ्यांच्या मागे उभी राहून बाकीच्यांना आधार देत आली होती. तिचा सूर थांबला तरच तो होता हे लोकांना कळे. आता पहिल्यांदाच ती एकटी वाजवणार होती आणि हॉल ऐकणार होता. हे तिला हवं होतं, फार हवं होतं. तिने ते कुणाला सांगितलं नाही, कारण असं काही हवं असणाऱ्यांची ती स्वतःच टर उडवत असे.

तिने आठवडाभर इंटरनेट पालथं घातलं. अख्ख्या लाकडातून कोरलेला बेस घ्यायचा तर गाडी विकावी लागली असती. पण मधली एक जात असते: पुढची फळी खऱ्या लाकडाची, पाठ आणि बाजू प्लायच्या. आवाज मोकळा, किंमत बोनसमध्ये बसणारी. स्वारगेटजवळ सुखदेव नावाचा एक दुकानदार होता. तो हार्मोनियम, लग्नाच्या बँडचे ढोल आणि त्या बँडचे झालरीचे कोट एकाच छपराखाली विकायचा. त्याच्याकडे असा एक वापरलेला बेस आला होता. तिने फोन करून दसऱ्यापर्यंत तो ठेवायला सांगितलं. "दसऱ्यालाच घेऊ," हे शंभूचं म्हणणं. मुहूर्तांवर तिचा विश्वास नव्हता, सुट्टीवर होता.

आदल्या दिवशी खंडेनवमी. सुशीलाबाईंच्या माहेरी-सासरी त्या दिवशी शेतातली झाडून सगळी अवजारं धुऊन, तेल लावून, हळदकुंकू वाहून पूजेला मांडायची रीत. मांडली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, कामाला जुंपायचं तर नाहीच. वाघोलीच्या फ्लॅटमध्ये कुठला आलाय नांगर? रुपाली ऑफिसातून आली तेव्हा पाटावर विळी, शंभूचा लॅपटॉप, स्क्रू-ड्रायव्हर आणि गाडीची किल्ली अशी मंडळी झेंडूच्या फुलांत बसली होती. शेजारी तिचा डबल बेस उभा, खांद्यावर कुंकवाचं बोट. पायाशी तिच्या बोची, म्हणजे वाजवायच्या गजाची, लांबट पिशवी नीट चेन लावून ठेवलेली.

"आई, आता याला नैवेद्य काय दाखवणार? पुरण चालतं का त्याला?"

"चालतंय की," सुशीलाबाई हसून म्हणाल्या. "पर उद्यापातूर हात नको लावू हं, बाई."

रुपालीने हात लावला नाही. रविवारी हे कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव करत ती जेवायला बसली.

दसऱ्याला सकाळी तिने पूजेतली पिशवी उचलली आणि दोघं स्वारगेटला गेली. वाद्य बघायला जाताना आपला बो बरोबर न्यावा, हाताच्या सवयीचा, म्हणजे वाद्याचं खरं-खोटं कळतं, हे तिने वाचलेलं होतं आणि ते बरोबरही होतं. दुकानात धुपाचा असा धूर कोंडला होता की कोट घातलेले पुतळे खोकतील असं वाटावं.

"मॅडम, आजच्या दिवशी नाही म्हणायचं नाही," सुखदेव म्हणाला.

"नाही म्हणायला मी मुहूर्त बघत नाही."

तो तपकिरी बेस कोपऱ्यात उभा होता. रुपालीने मान सरळ आहे का पाहिलं, सांध्यांवरून बोट फिरवलं, पुढच्या फळीला चीर नाही ना याची खात्री केली. मग बोटाने सगळ्यात जाड तार छेडली. आवाज जमिनीतून तिच्या टाचांपर्यंत आला. शंभूसुद्धा मागे वळून बघायला लागला.

"छान आहे की," तो म्हणाला.

"छेडून सगळेच छान बोलतात. सुरुवातीचा तुकडा बोने ओढायचाय."

तिने बो काढला. त्याचे केस कसे पांढरेशुभ्र, चमकदार दिसत होते. घोड्याच्या शेपटीच्या त्या केसांकडे पाहून आपण वस्तू किती निगुतीने ठेवतो असं तिला वाटून गेलं. तिने बो तारेवर टेकवला आणि ओढला. फुस्स. कुणी तरी कानात कुजबुजल्यासारखा आवाज झाला आणि बो घसरून खाली आला.

बोचे केस तारेला धरावेत म्हणून त्यांना राळ चोळतात. तिने काउंटरवरची राळ घेऊन चोळली. राळेची गोळी झाली आणि केसांना तशीच चिकटून बसली.

"ही राळ तुमच्याकडचीच ना? उदबत्त्या करा तिच्या, तेवढाच उपयोग."

"मॅडम, आपल्या दुकानातला बो देऊ का?"

"माझा बो तुमच्या अख्ख्या दुकानापेक्षा शहाणा आहे. तुमचा बो लावून तुमचं वाद्य चांगलंच वाजणार. ती युक्ती दुसऱ्या कुणाला दाखवा."

सुखदेवला या वाद्यातलं काही कळत नव्हतं, पण गिऱ्हाईक कळत होतं. तो आणखी धूप टाकायला वळला. रुपालीने पुन्हा ओढून पाहिलं, पुन्हा फुस्स. "मुका आहे," तिने निकाल दिला. "वरून पॉलिश, आत ठणठणाट. अगदी आमच्या मॅनेजरसारखा."

दाराशी केसांचा बुचडा बांधलेला एक तरुण केव्हाचा उभा होता. तेजस नाव सांगितलं. कोरेगाव पार्कातल्या एका हॉटेलात जॅझ वाजवायचा.

"मॅम, तुम्ही नसाल घेत तर आय ॲम इंटरेस्टेड. मी बो वापरतच नाही, नुसतं प्लक करतो."

"घ्या ना," रुपाली मोठ्या मनाने म्हणाली. "ऐकायचं नसेल तर उत्तम वाद्य आहे."

शंभूने हळूच विचारलं, "एकदा त्यांच्या बोने बघायचं का?"

"तू तुझा कोड लिही," ती म्हणाली, आणि त्यांची गाडी बाहेर पडेपर्यंत तेजसने पैसे भरलेसुद्धा होते.

वाटेत तिने सुखदेववर, त्याच्या राळेवर आणि जॅझ वाजवणाऱ्या समस्त जमातीवर मनसोक्त तोंडसुख घेतलं. घरी आल्यावर आपला खोका त्यापेक्षा कितीतरी बरा हे स्वतःला ऐकवावं म्हणून तिने त्याच्या तारेवर बो टेकवला.

फुस्स.

तिने पुन्हा ओढला. रोज बोलणारा खोकाही मुका. मग मात्र तिने बो नाकाशी नेला. इथे धूप नव्हता. खोबरेल तेलाचा स्वच्छ, ओळखीचा वास आला.

"आई," ती म्हणाली. तिने बो पुढे केला. "याला काही लावलंत का?"

सुशीलाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "लावले की. लई रुक्ष झालते बघ ते केस. पांढरी धूळ बसलेली सगळी. शिकेकाईनं धुतले, वाळवले, मग तेल चोळलं. आता कसे तकतकीत दिसायलेत."

ती धूळ म्हणजे राळच होती. तेल पाजलेल्या केसांना पुन्हा राळ धरत नाही. ते केस काढून नवे भरावे लागतात, आणि ते पुण्यात कुणी करत असलं तर रुपालीला ठाऊक नव्हतं. हे सगळं सांगायला तिने तोंड उघडलं. शब्द तयार होते, तिचे शब्द नेहमीच तयार असत.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं?" एवढंच आधी बाहेर पडलं.

"सांगायला कशाला लागतंय?" सुशीलाबाईंना प्रश्नच कळला नाही. "शंभूचा लॅपटॉप पुसला, माझी विळी धुतली. तुझं बी अवजारच हाय ना ते? रोज दार लावून घंटाभर राबतीस त्याच्यासंगं, मी ऐकते की बाहेरून. सगळ्यांची पुजायची आन् तुझं तेवढं वगळायचं व्हय?"

रुपालीने बो खाली घेतला. या घरात, सोसायटीत, तिच्या माहेरीसुद्धा त्या वाद्याला कुणी खेळ म्हणत, कुणी खूळ, आणि बहुतेक जण फ्रिज. काम कुणी म्हटलं नव्हतं. तिला सासूचा राग आला होता, तो जाईना, आणि त्याच्यासकट तिला रडू येत होतं. तिने बो पिशवीत ठेवला आणि चेन लावली. मग तिने सुखदेवला फोन केला. "गेला मॅडम तो," तो म्हणाला. "पोरगं म्हणत होतं, काय आवाज आहे."

रविवारी पिंटो सरांनी सगळ्यांसमोरच विचारलं, "काय झालं बेसचं?"

सगळे तिच्याकडे बघत होते. एवढा मोठा किस्सा तिच्या हाती याआधी कधी लागला नव्हता. शिकेकाई, खोबरेल, तकतकीत केस. अख्खा हॉल खाली बसून हसला असता, आणि वर चूकही तिची ठरली नसती.

"वाद्य चांगलं होतं सर," ती म्हणाली. "मला ओळखता आलं नाही."

"मग इतकी वर्षं इथे सगळ्यांना काय शिकवत होतीस?" सर म्हणाले आणि सुरुवातीच्या तुकड्याचं पान त्यांनी शेफालीच्या स्टँडवर ठेवलं.

चहाला शेफाली कप घेऊन जवळ आली. पान मिळाल्यामुळे ती जरा जास्तच प्रेमळ झाली होती. "बोल, सासूबाईंचं या आठवड्यात काय?"

"काही नाही," रुपाली म्हणाली. "दसरा छान झाला."