बैलाला जाड कापड हवे

सन १९३४च्या फाल्गुनात कारंज्याच्या एका कापूस-जिनात एक गहन प्रश्न उभा राहिला. मालकांचा छाप म्हणजे बैलाचे तोंड. ते कामगारांच्या गणवेशाच्या छातीवर कशिद्याने भरायचे, तर कोणत्या कापडावर सरळ बसेल? आपल्याकडे तर्कबुद्धीला अशीच कामे मिळतात. पाहणीसाठी साहेब येणार होते आणि निवडीचा भार मुनीम जगदेव यांच्यावर होता.

कशिदा काढणाऱ्या लतीफाबींनी दोन नमुने मेजावर मांडले : पातळ सुती सदरा आणि बनातीचा जाड लोकरी डगला.

“पातळ कापडावर टाका ओढला का बैल आकसते, भाऊ. बकरीवानी दिसते.”

“मंग डगलाच घेऊ. मालकाले बैल सरळ पाह्यजे.”

“आन आतल्या मान्साचं?”

“मान्साचं तोंड कोन पाह्यते, लतीफाबी!”

लतीफाबी हसल्या नाहीत. “एक डाव घालून बॉयलरपुढं उभे राहा. मंग पन्नास डगले म्हनसान तर पन्नास भरून देतो.”

जगदेवांनी गमतीने डगला चढवला, तोच मालक आत आले.

“वा! गळ्यापर्यंत गुंड्या लावा. दिवसभर असेच फिरा, सगळ्यांना दिसू द्या. आणि डगले आले की ज्याची गुंडी उघडी दिसेल, तो फाटकाबाहेर!”

जगदेव फिरत फिरत बॉयलरपाशी आले. तिथे उकंडराव उघड्या अंगाने खोकत खोकत कोळसा टाकत होता.

“या मुनीमजी! पोळ्याले औंदा तुमालेच मिरवतीन वाट्टे!”

जगदेवांच्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते. बनातीखाली श्वास कोंडला होता.

“गुंड्या खोला ना, देवा!”

“मालकानं नाही म्हटलं.”

“तुमी घटकाभरानं बाहेर जासान. मले बारा घंटे अठीच राहनं हाय. या खोकल्यावर हा डगला? मी मरून जाईन, मुनीमजी.”

जगदेवांचा हात गळ्याकडे गेला आणि थांबला. मालक तिथे नव्हते. एका उकंडरावाशिवाय कोणी पाहत नव्हते. तरी हात पुढे सरकेना! हा हात कोणी बांधला? दोर कुठे होता? चौदा वर्षे ज्याला ते निष्ठा म्हणत आले, ती हीच होती तर! शरमेने त्यांनी गुंडी अशी ओढली की ती तुटून कोळशात पडली.

तसेच ते कचेरीत गेले. डगला काढून त्यांनी मालकांपुढे धरला.

“पातळ सदरेच घेऊ, मालक.”

“आणि बैल आकसला तर?”

“आकसू द्या. नाहीतर हा डगला तुमी घाला, आन घटकाभर बॉयलरपुढं उभे राहा.”

मालकांनी तो घातला नाही; आणि जे आपण घालत नाही ते इतरांना घाला म्हणणे, निदान त्या दिवशी, त्यांना जमले नाही. पातळ सदरे आले. उकंडराव खोकत का होईना, जगला. पुढच्या हंगामाला जगदेवांना मात्र बोलावणे आले नाही. सत्याचे मोल आपल्या समाजात असे तत्परतेने चुकवले जाते.

बंधुभगिनींनो, माणसाच्या देहापेक्षा धन्याची खूण मोठी मानणे हा अन्याय खराच. पण धनी तो एकटा करू शकत नाही. तो फक्त आज्ञा देतो. गुंडी आपला हात लावतो, आणि कोणी पाहत नसतानाही तीच राखत बसतो!