मेलिस्सारी: घरातला शेवटचा ग्रीक शब्द

मी मेलिस्सारी बोलतोय. माणूस नाही, आडनाव. इटलीच्या दक्षिण टोकाला, कालाब्रियाच्या किनाऱ्यावर, एका दारावरच्या पितळी पाटीवर सध्या माझा मुक्काम आहे. मला लावणारी दोनच माणसं उरली आहेत: म्हातारे कोन्सोलातो आणि त्यांची लेक तित्सियाना.

जन्माने मी ग्रीक. वर डोंगरातल्या आमच्या गावात शेकडो वर्षं घरोघर ग्रीकच बोलत. तिथे मधमाशी म्हणजे मेलिस्सी, आणि माश्या पाळणारा तो मेलिस्सारी. थवा उठला की त्याला खाली बसवायला सगळं घर तांब्याची भांडी बडवत मागे धावायचं. तेव्हा माझा अर्थ कुणी विचारत नसे. तो चावूनच कळायचा!

मग इटालियन शाळा आली. वर्गात तोंडून ग्रीक शब्द निघाला की मास्तरांची छडी बसायची, वर पोरांचं "ए डोंगऱ्या, ए मठ्ठ!" लहानग्या कोन्सोलातोने सुजलेले तळहात बगलेत दाबले आणि ठरवलं, ही भाषा आपल्यापाशीच संपवायची. पुढे पुराने गाव उठलं, माणसं किनाऱ्यावर आली, तो बर्गामोटच्या, म्हणजे अत्तराच्या लिंबांच्या, बागेत कामाला लागला. भाषा सोडता आली. मला कसा सोडणार?

आता तित्सियानाला दिवस गेलेत. इथे बाई लग्नानंतरही माहेरचंच आडनाव लावते; हल्ली मुलालाही आईचं लावता येतं, आणि तिला मीच हवा आहे. तिचा नवरा फोर्तुनातो राजी आहे. "लाव की! माझ्या आडनावाने हाक मारली तर अर्धा बाजार वळून बघतो." अडून बसलेत ते तिचे वडीलच.

"पोराला नवऱ्याचं लाव. आपल्याला लोक हसतात."

"का हसतात? अर्थ तरी काय आपल्या नावाचा?"

"काही नाही. नाव ते नाव."

खोटं! साफ खोटं! पण आडनावाला स्वतःचं तोंड नसतं.

काल बर्गामोटच्या सावलीत तित्सियाना बसली होती. झाड फुलांनी भरलंय. एक माशी तिच्या पोटावर येऊन बसली. फोर्तुनातो चप्पल घेऊन धावला, तोच म्हातारे ओरडले, "मारू नको! मेलिस्सी आहे ती!"

फोर्तुनातोने चप्पल खाली टाकली.

"मेलिस्सी..." तित्सियाना हळूच म्हणाली. "म्हणजे बाबा, आपण मधमाश्यावाले?"

त्यांनी दोन्ही तळहात बगलेत दाबले. या वयात! "पोराला शिकवू नकोस हे. मार खाईल."

"कुणाचा मार? तुमचा मास्तर कधीच मेला, बाबा."

"मास्तर मेला गं. छडी नाही मेली."

निर्णय तसाच लटकलाय.

लोकहो, जुनं म्हणून माझं कौतुक करू नका. मला काचेच्या कपाटात नाही, एखाद्या मुलाच्या मागे लागून धावायचं आहे. लाज वाटायचीच तर त्या छडीची वाटू द्या.

आज सकाळी कोन्सोलातो एकटेच दारापाशी आले. पाटीवरून बोट फिरवलं आणि हात पुन्हा बगलेत दाबले. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

कोन्सोलातो, बगलेतून हात काढा. एकदाच मला मोठ्याने म्हणा. ते मूल आतून ऐकतंय.