करंजवेळचं घर

प्रमोदराव आठल्ये यांना घरच्यांना एकच गोष्ट सांगायची राहिली होती आणि ती सांगायला आता तीन दिवस उरले होते. करंजवेळचं घर आपलं नाही, एवढंच ते वाक्य. चार शब्द. एकतीस वर्षं ते त्यांच्या घशात अडकून बसलं होतं. शुक्रवारी मुलगा हर्षद, सून पल्लवी आणि नऊ वर्षांची नात नूपुर त्याच घरात राहायला निघणार होती, आणि त्यांच्याबरोबर खुद्द प्रमोदरावही.

राहायला म्हणजे कायमचं राहायला. कलकत्त्यातल्या न्यू टाउनचा भाड्याचा फ्लॅट सोडत असल्याचं मालकाला कळवून झालं होतं, नवा भाडेकरू येऊन पडद्यांची मापंसुद्धा घेऊन गेला होता. नूपुरचा शाळा सोडल्याचा दाखला हातात होता. पल्लवीने गणित शिकवायची शाळेतली नोकरी सोडली होती. हर्षदच्या कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली होती, पण पगाराला कात्री लावून. त्या पगारात या शहरात भाडं, शाळा आणि दवाखाना हे तिन्ही भागणं शक्य नव्हतं. करंजवेळला भाडं नाही, घर आपलंच, समुद्र दारात, मग काय हरकत आहे? सगळा बेत या एका "आपलंच"वर उभा होता.

आणि हा बेत हौसेचा नव्हता. नूपुरची छाती गेल्या हिवाळ्यात तीनदा भरली होती. कालीपूजेच्या फटाक्यांपासून सरस्वतीपूजेपर्यंत त्या पोरीने एक रात्र धड आडवी होऊन झोप घेतली नाही. चहूकडे नव्या इमारती उठत होत्या, खिडक्या कितीही बंद ठेवल्या तरी टेबलावर बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. तिसऱ्या वेळेला अतिदक्षता विभागाच्या दाराशी डॉक्टरीणबाईंनी पल्लवीला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पुढचा हिवाळा हिला इथे काढू देऊ नका. मी लिहून देणार नाही, पण आई म्हणून तुम्हाला सांगते." त्या दिवसापासून पल्लवीने करंजवेळचं नाव जे धरलं ते धरलं.

आता हे घर गेलं कसं, ते सांगायला हवं. प्रमोदराव जन्मापासून कलकत्त्याचे. त्यांचे वडील नोकरीसाठी आले ते इथलेच झाले. पण बाहेरगावी राहणाऱ्या मराठी माणसाला "मूळचे कुठले?" या प्रश्नाला उत्तर लागतंच. मंडळाच्या गणपतीत, हळदीकुंकवात, कोणाच्या मुंजीत, नवी ओळख झाली की पहिला प्रश्न तोच. आठल्यांचं उत्तर ठरलेलं असे, "करंजवेळ, गुहागरजवळ. घर आहे आमचं, समुद्रावर." १९९४ साली चुलतभाऊ अनिलने पत्र लिहिलं, की घराची डागडुजी करायची आहे, बँक कर्ज देईल, पण सात-बारावर दोघांची नावं आहेत. प्रमोदराव आठ दिवसांची रजा टाकून गेले आणि तालुक्याच्या कचेरीत हक्कसोड लिहून देऊन आले. कोणी मागितलं नव्हतं. नुसत्या संमतीवर काम झालं असतं. पण बँकेच्या एस्प्लनेड शाखेत अधिकारी झालेला माणूस, त्याला भावासमोर मनाचा मोठेपणा दाखवायचा होता. "घे रे, तुझंच आहे. मी कलकत्त्याचा माणूस, मला काय करायचंय?" अख्ख्या आळीने वाहवा केली. त्यांना जेवायला बोलवायला घरं भांडत होती.

परत आल्यावर बायकोच्या कानावर घालायचंच होतं. पण ते आले त्या संध्याकाळी मंडळात कार्यक्रम होता आणि शारदाबाई एका नव्याने बदलून आलेल्या बाईंना सांगत होत्या, "आमचं घर आहे ना, समुद्रावर." प्रमोदराव मूग गिळून बसले. पुढे शारदाबाई वारल्या, त्याही त्या घराच्या मालकीणबाई म्हणूनच. आपण केलेलं दान आपणच लपवून ठेवणारा माणूस दुसरा मिळायचा नाही.

बेत ठरला तेव्हा हर्षद म्हणाला होता, "बाबा, अनिलकाका गेले, आता त्यांचा सारंग असतो तिथे. तुम्हीच बोला त्याच्याशी. तुमचं घर." प्रमोदरावांनी गच्चीवर जाऊन फोन लावला. सारंगने अंगणातल्या नव्या खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. तो इतका आनंदला, की प्रमोदरावांना धड बोलू देईना. "काका! अहो, बाबा जाईपर्यंत तुमचं नाव घ्यायचे. म्हणायचे, असा माणूस लाखात नाही, कागदावर सही करून चहाही न पिता उठला. या की! किती दिवसांसाठी येताय?"

किती दिवसांसाठी. तिथेच सगळं संपलं. ज्याने लाखात एक म्हटलं, त्याच्याकडे "कायमचे" कसं मागायचं? "पंधरा," प्रमोदराव म्हणाले. "पंधरा दिवस." आणि खाली येऊन सांगितलं, "झालं बोलणं. या म्हणतोय."

वेळ मारून नेली खरी, पण वेळ कुठे जाते? ती पुढे जाऊन उभी राहते.

मंगळवारी सकाळी ते निरोप घेण्याच्या निमित्ताने बराकपूरला दिगंबरकडे गेले. दिगंबर त्यांचा शाळेपासूनचा मित्र, आता एकटाच राहायचा, नदीच्या बाजूला दोन खोल्यांत. हक्कसोडीची गोष्ट कलकत्त्यात या एकालाच ठाऊक होती. त्याने चहा ठेवायच्या आधीच विचारलं, "सांगितलंस?"

"आज सांगतो."

"प्रमोद, गेले दोन महिने तू आजच सांगतोयस. अरे, सामान गेल्यावर सांगणार आहेस का? की स्टेशनवर उतरल्यावर सांगशील, आता पुढे कुठे जायचं ते तुम्ही बघा म्हणून?"

"पोरीचा श्वास बघितला की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही रे. तिच्या आईला दुसरी आशाच नाही."

"म्हणूनच सांग. आशा खोटी आहे हे तिला कळलं तर ती दुसरी शोधेल तरी. तू तिला शोधूही देत नाहीयेस." दिगंबरने कप समोर ठेवला. तो चिडलेला होता. "तू स्वतःला वाचवतोयस. नातीला नाही."

हे प्रमोदरावांना झोंबलं, कारण ते खरं होतं. परतीच्या गाडीत त्यांनी वाक्य पाठ केलं. दमदमला उतरेपर्यंत ते अगदी सुटसुटीत झालं होतं. फ्लॅटचं दार उघडलं तर नूपुर नेब्युलायझरचा मुखवटा लावून जमिनीवर बसली होती, समोर खोकी, आणि मुखवट्यातून तिचा घरघरणारा आवाज आला, "आजोबा, तिथे माझा खिडकी असणार ना? आई म्हणते, खिडकीतून समुद्र येतो."

तिचं मराठी असंच होतं, इथे वाढलेल्या पोरांचं असतं तसं. एरवी प्रमोदराव "माझी खिडकी" म्हणून तिला टोकत. आज टोकलं नाही. "असणार," ते म्हणाले, आणि पाठ केलेलं वाक्य गिळून आपल्या खोलीत जाऊन बसले. त्यांना स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

बुधवारी दुपारी सामान नेणारे आले. टेम्पो खाली उभा राहिला, चार मजूर खोकी उतरवू लागले. कपाट गेलं, पलंग गेला, शारदाबाईंचं शिवणयंत्र गेलं. प्रमोदरावांची निळी बॅगही कोणी तरी उचलून नेली. ते गॅलरीच्या दारात उभे राहून प्रत्येक वस्तूबरोबर मनात म्हणत होते, आता सांगतो, हे गेलं की सांगतो. मुकादम कागद घेऊन दाराशी आला आणि म्हणाला, सामान उतरवून घेणाऱ्याचा फोन नंबर हवा, आणि गाडी अंगणापर्यंत जाते का ते विचारून द्या.

"सारंगभावजींना मीच विचारते," पल्लवी म्हणाली. "बाबा, तुमचा फोन द्या."

देऊ नये, असं त्यांना वाटलं. पण हात पुढे झाला. पल्लवीने फोन लावून स्पीकर सुरू केला, म्हणजे मुकादमालाही रस्ता ऐकू यावा.

"भावजी, पल्लवी बोलतेय, कलकत्त्याहून. आमचं सामान आज निघतंय. टेम्पो मोठा आहे, अंगणात येईल ना?"

सारंग हसला. "वहिनी, टेम्पो? अहो, पंधरा दिवसांना टेम्पोभर सामान कशाला? इथे गाद्या, पांघरुणं सगळं आहे."

"पंधरा दिवस?" पल्लवी म्हणाली.

"काका तसंच म्हणाले होते. वीस तारखेपर्यंत खोली ठेवलीय मी. पुढे पर्यटक येतात." सारंगचा आवाज उतरला. "काही गैरसमज झालाय का?"

"मी करते परत फोन," म्हणून पल्लवीने फोन बंद केला आणि ती सासऱ्यांकडे वळली. हर्षद आतून आला होता. मुकादम कागद धरून उभाच. आता पाठ करायची गरज नव्हती.

"करंजवेळचं घर आपलं नाही," प्रमोदराव म्हणाले. "चौऱ्याण्णव सालीच मी हक्क सोडला. अनिलला लिहून दिलं. तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं."

हर्षदने आधी ऐकलंच नाही असं केलं. मग तो ओरडला. प्रमोदरावांनी मुलाला एवढं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. "तीन महिने! तीन महिने तुम्ही माझ्यासमोर बसून जेवताय! नोकरी सोडताना तिने तुम्हाला विचारलं होतं, बाबा. तुम्ही काय म्हणालात? खुशाल सोड म्हणालात! का? कोणासमोर मोठं दिसायचं होतं तुम्हाला? आमच्यासमोर?" त्याचा आवाज फाटला आणि तो खोक्यावर बसून रडायला लागला. नूपुर आतल्या दाराशी आली. बापाला रडताना बघून तिला खोकल्याची उबळ आली आणि ती थांबेना.

पल्लवी रडली नाही. तिने पोरीला कडेला घेऊन पाठ चोळली, पाणी पाजलं, खोकला बसेपर्यंत वाट पाहिली. मग फोन सासऱ्यांच्या हातात दिला. "लावा. आत्ता. माझ्यासमोर. आणि जे मागायचं ते नीट मागा."

प्रमोदरावांनी स्पीकर तसाच ठेवून फोन लावला. आयुष्यात कोणाकडे काही मागायची सवय नव्हती, ती त्या दुपारी लावून घ्यावी लागली. "सारंग," ते म्हणाले, "मी तुला खोटं सांगितलं. आम्हाला पंधरा दिवस नकोत. पोरगी आजारी आहे. आम्हाला कायमचं यायचंय. मी हात जोडतो. माझा काही हक्क नाही, ते मला माहीत आहे."

सारंगच्या आवाजात आदर होता आणि अडचणही होती. "काका, तुम्ही असं बोलू नका. पण फेब्रुवारीपर्यंत सगळ्या खोल्या लोकांनी आधीच घेतल्यात. माझं घर त्यावर चालतं. मागच्या बाजूला एक खोली आहे, नारळ ठेवतो आम्ही. तिथे तुम्हाला कसं ठेवू? लोक काय म्हणतील?"

पल्लवी पुढे वाकली. "भावजी, त्या खोलीला खिडकी आहे?"

"आहे, समुद्राकडे. पण वहिनी, तुम्ही ती खोली बघितली नाहीये."

"चालेल. आणि पाहुण्यांचा स्वयंपाक मी बघेन. सकाळ-संध्याकाळ. मला सवय आहे कामाची."

"अहो, तुम्ही शिक्षिका. घरच्या सुनेला कसं कामाला लावू?"

"लावा," पल्लवी म्हणाली. "नाहीतर आम्ही कुठल्या तोंडाने राहू? आणि हे सामान येणार नाही. कपडे, औषधं आणि नूपुरचा नेब्युलायझर एवढंच. बाकीचं मी इथेच कोणाला तरी देते."

सारंग अडखळत म्हणाला, "खोली लहान आहे. तिघं मावतील कशीबशी. चौघं म्हणजे…"

"मी नाही येत," प्रमोदराव पटकन म्हणाले. "मी बराकपूरला दिगंबरकडे राहीन. त्याच्याकडे जागा आहे."

म्हणाले आणि थांबले. आता कोणी तरी म्हणेल, छे, असं कसं बाबा, तुमच्याशिवाय कसं जाऊ आम्ही, करू काही तरी. घरात असं म्हणायची पद्धत असते. निदान एकदा तरी म्हणतात, मग मान्यच करायचं असलं तरी. हर्षद खिडकीबाहेर बघत होता. नूपुरला कळत नव्हतं आणि तिचा श्वास अजून लागलेला होता. पल्लवीने त्यांच्या हातातला फोन घेऊन तोंडाशी नेला.

"हो भावजी," ती म्हणाली. "तिघं."

मग तिने मुकादमाला सांगितलं, की टेम्पोतलं सामान वर आणा, आधी ती निळी बॅग. थोड्या वेळाने एक मजूर बॅग घेऊन आला आणि रिकाम्या खोलीच्या मधोमध ती टेकवून त्याने सगळ्यांकडे पाहिलं.

"एटा कार?" कोणाची ही, असं तो विचारत होता.

प्रमोदराव पुढे झाले. "आमार," माझी, असं ते म्हणाले, आणि बॅग उचलून दाराशी नेऊन ठेवली.