खडूची फुली

खाणीच्या मॅनेजरने फोटोची मूळ काच खिडकीकडे धरली. त्याचा अंगठा सरकत सरकत खांबापाशी येऊन थांबला. फोटोवाल्या बाईंनी ते पाहिलं.

"छान आलीय. कचेरीत लावू, त्या तिघांची आठवण म्हणून," तो म्हणाला.

"मग हिच्यावरून कागदावर काढून देते की. काच कशाला?"

"काचच द्या."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. भिंतीवर लावायला आजवर कुणी काच मागितली नव्हती. गावातली पहिली फोटोवाली म्हणून लोकांनी त्यांना नावं ठेवली, मग रांगाही लावल्या; पण हा माणूस कधी दुकानाची पायरी चढला नव्हता. आज आला होता, तेही गोड बोलत.

कोपऱ्यात बाईंची धाकटी जाऊ बसली होती. खाणीच्या तोंडाशी, खांबाजवळ कामगारांचा हा फोटो काढल्यावर तासाभरात तिथलंच छत कोसळलं. त्यात तिचा नवरा गेला, आणखी दोघे गेले. खांब तपासायचं काम त्याचं. तो कामावर झोपला, त्याने खांबावर धोक्याची खूण केलीच नाही, असं कंपनी म्हणत होती आणि उद्या चौकशीतही तेच ठरणार होतं. नळावरच्या बायका तिला पाहून पाठ फिरवत होत्या.

"एकच आहे ना?"

"एका फोटोला एकच काच लागते, साहेब."

त्याने ती रुमालात गुंडाळली. पायऱ्या उतरताना ती हातून पडली, की त्याने पाडली. वरून टाचही फिरली.

"अरेरे," म्हणत तो चालू लागला.

जाऊ ताडकन उठली. "दिलीत ना जाऊबाई? खाणीची कामं हातची जातील म्हणून?"

बाईंना ते फार लागलं. त्यांनी कपाटाच्या तळातून दुसरी काच काढली.

"कुणाची तरी पापणी लवतेच, म्हणून मी दरवेळी दोन फोटो काढते. पण तू बिघडलेला फोटो कधी घरात ठेवू देत नाहीस ना, म्हणून भाऊजीच तेव्हा म्हणाले, माझे डोळे मिटले, हा लपवा."

जाऊने काच उजेडात धरली. काचेवर पांढऱ्याचं काळं होतं. खांबावरची खडूची फुली काळीकुट्ट उमटली होती, आणि फुलीशेजारी डोळे मिटलेल्या नवऱ्याच्या बोटांतला खडूही.

"काठाला धर," बाई म्हणाल्या. "उद्या दाखवायचीय."

जाऊचं बोट त्या मिटल्या पापण्यांपाशी काचेला न टेकताच थांबलं.

"हे तर जागेच होते," ती म्हणाली.