मंगलला काय काय येतं

"मावशी, असं नाही चालायचं. तुम्हाला काय काय येतं ते सांगा आधी," साक्षीनं लॅपटॉप मांडीवर सरकवत तिसऱ्यांदा विचारलं.

"मला काय येतंय पोरी? तुटल्यालं सूत जोडता येतंय," मंगल म्हणाली. "आन् आता गिरणीच न्हाई, तर जोडू काय? तुज्या सासूची वेणी?"

साक्षी खळखळून हसली. ही घरमालकांची सून. सांगलीत एका कंपनीत माणसं निवडायच्या खात्यात कामाला होती, त्यामुळं नोकरीचा अर्ज कसा लिहावा हे तिला पाठ. मागच्या खोलीत भाड्यानं राहणाऱ्या मंगलमावशीसाठी तिनं आज रविवारची झोप मोडली होती. मिरजेच्या एका हॉस्पिटलला वॉर्डात मावश्या हव्या होत्या.

"गिरणीचं नाव वर टाकलं की लोक म्हणणार, हॉस्पिटलात हिचा काय उपयोग? म्हणून अंगात काय आहे ते आधी लिहायचं. कुठं काम केलं ते सगळ्यात खाली."

"म्हंजी पोरगी आधी दाखवायची, घराणं मागनं सांगायचं."

"अगदी तसंच."

मंगलला हे पटलं. तिची सगळी उमर सूतगिरणीत गेली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पण सूत कातायच्या रिंगखात्यातल्या त्या लांबलचक मशीनींच्या मधून फिरताना तिला कधी एकटं वाटलं नव्हतं. मागच्या दिवाळीनंतर गिरणीच्या फाटकाला कुलूप लागलं. मग आटपाडीकडून भाऊ आला, मल्हार. "चल गावाला," म्हणाला, "शेरडं हायत, राखत बसशील. तुला काय भाकरीचा तोटा हाय व्हय?" तो हे मायेनं बोलला होता आणि तीच तर पंचाईत होती. रागानं बोलला असता तर भांडता आलं असतं. विशीत असताना ती त्याच शेरडांमागून उठून सांगलीला आली होती. तेव्हापासून ती स्वतःच्या हातचं खात होती. आता भावजयीनं वाढल्यावर जेवायचं, आणि तिनं कमी वाढलं तरी पोट भरलं म्हणायचं, या विचारानंच तिचा घास अडकायचा. मिरजेची नोकरी मिळाली तर ते टळणार होतं. नाहीतर मल्हार पुढच्या आठवड्यात टेम्पो घेऊन येणारच होता.

साक्षी विचारत गेली आणि मंगलच्या साध्या बोलण्याचं भारदस्त काहीतरी होत गेलं. पाळीभर उभं राहायची सवय होती, त्याची चिकाटी झाली. कुठल्याही पाळीला जायची, त्याची लवचीकता झाली. आपल्याच अंगचे गुण ऐकताना मंगलला नवं लुगडं नेसल्यासारखं अवघडायला झालं.

"अजून काय?"

मंगलनं जरा विचार केला. मग म्हणाली, "त्यो टीव्ही लाव. आवाज बंद कर."

बातम्या लागल्या. टाय लावलेला एक माणूस नुसताच तोंड हलवत होता. "थंडी लय वाढणार हाय म्हनं," मंगल सांगू लागली. "म्हाताऱ्या माणसांनी काळजी घ्या म्हणतोय. आता म्हणतोय, थोडी विश्रांती घिऊ."

साक्षी बघतच राहिली. "हे कसं काय हो?"

"गिरणीत मशीनच्या गोंगाटात काय ऐकू येतंय व्हय? आमी सगळ्या तोंडाकडं बगून बोलायचो. मी या टोकाला, माजी जोडीदारीण बनुबाई त्या टोकाला. सासूच्या कागाळ्या सुद्दा सांगून व्हायच्या."

साक्षीनं टाळी वाजवली आणि पहिल्या ओळीत टाकलं, संवादकौशल्य उत्तम. मंगलनं ते दोनदा वाचून घेतलं. "बनुबाईचं बी असंच करून दे," ती म्हणाली. "नाव तेवढं बदल. आमा दोघींना येतंय ते सारकंच."

साक्षी प्रिंट काढायला उठली आणि पाठमोरी काहीतरी बोलली. मंगल आपल्याच नादात चहाचे कप गोळा करत राहिली. तिचं हे नेहमीचं होतं. घरमालकीण तर म्हणायची की मावशी मनात असेल तेव्हाच ओ देतात. मंगलला मात्र वाटायचं, गिरणी बंद झाल्यापासून आपला लोकांत वावर वाढला आणि लोक फार हळू बोलतात. फोनमधलं बोलणं नीट कळत नसे, तेव्हा ती रेंजला शिव्या घालायची.

मंगळवारी ती इस्त्रीचं पातळ नेसून मिरजेला गेली. हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर लालासाहेब नावाचे क्लार्क होते. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"लय झकास लिवलंय की. जावा आत, सिस्टर हायत."

आत मोठ्या सिस्टर बसल्या होत्या. वॉर्डातून तशाच उठून आलेल्या, तोंडावर निळा मास्क. मंगलनं नमस्कार केला आणि सवयीनं त्यांच्या ओठांकडं पाहिलं. तिथं निळं कापड होतं. ते थोडं हललं. भिंतीपलीकडं कुणी बोलावं तसं काहीतरी अस्पष्ट तिच्या कानाशी आलं.

"व्हय," मंगल म्हणाली.

सिस्टरच्या कपाळाला आठी पडली. कापड पुन्हा हललं.

"व्हय, व्हय. जमंल की."

ती डोळ्यांकडं बघू लागली, पण नुसत्या डोळ्यांवरून काय कळणार? तिसऱ्यांदा कापड हललं तेव्हा ती नुसतीच हसली. सिस्टरांनी तिचा कागद पालथा घातला, मागच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी लिहिलं आणि तिच्याकडं फिरवला.

तुम्हाला ऐकू येत नाही का?

आजवर तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"येतंय की," ती घाईनं म्हणाली. "तुमी जरा त्ये काढा तोंडावरचं, मग येतंय."

सिस्टरांनी मास्क खाली ओढला. चेहरा चांगला होता, थकलेला. आणि आता त्यांचा शब्द न् शब्द मंगलला कळला.

"मावशी, आमच्या वॉर्डात सगळ्यांनाच मास्क असतो. पेशंट कण्हतो, पांघरुणातून हाक मारतो. त्याचं तोंड तुम्हाला कुठं दिसणार?"

"मी जवळच बसून राहीन. हालनार बी न्हाई."

"अंधारात कुणी पाणी मागितलं तर?"

सिस्टरांनी आवाज चढवला नाही की हिणवलं नाही. कान तपासून घ्या एवढंच म्हणाल्या आणि कागद परत दिला.

बाहेर रस्त्याच्या कडेला ती उभी राहिली. समोर चहाच्या गाड्यावरचा माणूस ओरडत होता, रिक्षा चालल्या होत्या. तिनं डोळे मिटले. गाडेवाला गेला. रिक्षा गेल्या. नुसती एक घरघर उरली, दूरच्या मशीनसारखी. डोळे उघडले तेव्हा सगळं परत आलं. तिनं पुन्हा मिटून पाहिलं आणि ती घाबरली, भरदिवसा, इतक्या माणसांत. गिरणीत सगळ्याच तसल्या, म्हणून कुणालाच कधी कळलं नव्हतं. मशीनच्या आवाजानं कान कधीच गेले होते आणि ती इतकी वर्षं त्यालाच हुन्नर समजून मिरवत होती. आता मल्हारचा टेम्पो येणार. भावजय चुलीपुढं पाठमोरी बसून काहीतरी बोलणार, आणि हिला ओ देता येणार नाही.

तेवढ्यात रस्त्यापलीकडं बनुबाई दिसली. नवं पातळ, डोक्याला तेल, हातात साक्षीनंच दिलेली प्लॅस्टिकची फाईल. दोघींच्या मधून उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, ट्रॅक्टरवर कर्णे लावून. बाकीची माणसं कानाला हात लावत होती. बनुबाईनं मात्र मंगलला पाहिलं आणि तिथूनच विचारलं, सावकाश, ओठ नीट हलवत.

"झालं का काम?"

मंगलला लख्ख कळलं. तिनं मान हलवली, नाही.

"का गं?"

मंगलनं उजवा हात उचलला आणि तळवा तोंडावर आडवा धरला. मग डाव्या हातानं हॉस्पिटलच्या दाराकडं दाखवलं.

बनुबाईला कळलं, आत तोंडं झाकलेली असतात, ओठ दिसत नाहीत. गिरणीतली बाई ती, तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. तिनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा हातातल्या फाईलकडं. मग पुन्हा मंगलकडं वळून ओठ हलवले.

"मग मी काय करू?"

मधून आणखी एक ट्रॉली गेली. ती सरली तरी बनुबाई तशीच वाट बघत उभी होती. तोंडावरचा हात काढून तिला सांगावं असं मंगलजवळ काही नव्हतं. तिनं हात तसाच ठेवला.