पीयूषमामाचा घास

आमच्या बंगालातल्या कृष्णनगरात पोटाचं दुखणं कुणी लपवत नाही. माझ्या दवाखान्याच्या बाकावर अनोळखी माणसंसुद्धा एकमेकांना सकाळची हकीगत सांगतात, वर उपायही सुचवतात. त्यामुळे शाळामास्तर पीयूष समाद्दार कुजबुजायला लागला तेव्हाच मी ओळखलं, मास्तर घाबरलेत.

सोबत धाकटी बहीण तापसी होती, बाळंतपणाला आली ती अजून माहेरीच असलेली. ती तणतणत होती. "डॉक्टरदीदी, रविवारी बाळाचं उष्टावण. पहिला घास मामानं भरवायचा. आणि दादा म्हणतो, दुसरं कुणी बघ!"

"मला कॅन्सर आहे," पीयूष पुटपुटला. "माझ्या हातचा घास नको बाळाला."

"कुणी सांगितलं?"

"मोबाइलवर वाचलं."

असा राग आला म्हणता! पण बिचारा रडकुंडीला आला होता, म्हणून गिळला. मी विचारत गेले. वर्षभर दर आठवड्याला कळ येते, शौचाला जाऊन आलं की उतरते. कधी पातळ, कधी खडा. शाळेत तपासणी असली की हमखास. रक्त पडत नाही, ताप नाही, घराण्यात आतड्याचा आजार नाही.

"वजन उतरलंय?"

"उतरतंय कसलं! शर्टाची बटणं बघा," तापसी म्हणाली.

"रात्री कळेनं जाग येते?"

"ह्याला? ह्याच्या घोरण्यानं बाळ उठतं!"

पोट तपासलं, रक्ताच्या आणि शौचाच्या तपासण्या करून घेतल्या. शुक्रवारी सगळं स्वच्छ आलं.

"कॅन्सर नाही. आयबीएस आहे," मी म्हणाले. "आतडं धडधाकट आहे, फक्त फार हळवं."

"म्हणजे मी नाटक करत होतो?"

"अजिबात नाही. कळ खरीच आहे. पुन्हाही येईल. औषध देते, खाण्यापिण्याचं सांगते. पण ह्या कळेनं तू मरणार नाहीस."

तो रुमालात तोंड खुपसून चक्क रडला. माझेही डोळे भरून आले, कबूल करते.

रविवारी मलाही बोलावलं होतं. शंख वाजले. टोपराचा पांढरा मुकुट घातलेल्या बाळाला मांडीवर घेऊन पीयूषनं पायस भरवलं. बाळानं अर्धं त्याच्या धोतरावर थुंकलं. सगळे हसले.

मग पंगत बसली. पहिल्याच घासाला पीयूषनं पोट धरलं. वाढता वाढता तापसी जागीच थबकली. त्या दोघांची आई माझ्याकडे बघू लागली.

पीयूष उठला. "आलोच," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आणि माझ्या पानातल्या माशाला कुणी हात लावायचा नाही!"